शिवण चढते तेव्हा

हेमंत उतरला होता. सातपुड्याच्या निळ्या-करड्या रांगांवरून, तापीच्या मंदगामी, मौनव्रती पात्रावरून, केळीच्या हरित-गर्द बागांवरून तो पाऊल न वाजवता उतरला होता. पानापानावर दहिवर होतं, बांधाबांधावर धुकं होतं, आणि चिंचखेड्याच्या पूर्वेला आकाशाची कड हलके हलके केशरी होत होती. गारठा असा, की बोटं वळू नयेत.

त्या केशरी उजेडात वारक्यांच्या खळ्यावर एक पिवळा चेंडू ये-जा करत होता.

घराच्या पायरीकडून तो सुटे वाऱ्याला चिरत. विहिरीकडून परते सावकाश, टप्पे घेत, आळसावलेला. पायरीशी उभी होती केतकी. दीर्घबाहू, दीर्घवेणी, घरातलं शेंडेफळ, आणि बारावीत असूनही पुस्तकापेक्षा बॉलवर जीव. विहिरीच्या बाजूला, केळीच्या उपड्या कॅरेटवर बसलेले होते तिचे वडील, आबा. डोक्याला मफलर, अंगात बंडी, डाव्या हातात फाटून शिवलेला ग्लोव्ह. आबांनी उभ्या जन्मात सॉफ्टबॉल खेळला नव्हता. पण लेक पिचर झाली म्हटल्यावर तिच्यासाठी कॅचर आणायचा कुठून? मग काय, बसले स्वतःच.

खेळ तसा सोपा. पिचरनं हाताचं पूर्ण वर्तुळ फिरवायचं आणि कमरेखालून बॉल सोडायचा. समोरच्या मुलीनं तो बॅटनं टोलवायला बघायचा. चुकला तर मागं उकिडव्या बसलेल्या कॅचरनं झेलायचा. सांगायला सोपा आणि करायला महाकठीण, असा हा खेळ आहे.

केतकीचा एक बॉल गावात गाजला होता. गुडघ्याच्या उंचीनं निघायचा आणि आबांच्या छातीशी पोहोचायचा. चढणारा बॉल. राइज. मोठमोठ्या पिचरांना आयुष्य घालवून साधतो तो बॉल म्हणे आपल्या पोरीला खळ्यावर साधला, याचा आबांना कोण अभिमान. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत ते ऐकवत, "आमच्या केतकीचा बॉल वर चढते, भाऊ." ऐकणारे मान डोलवत. कुणाला काय कळत होतं?

पण मागच्या माघात, विभागाच्या संघाची निवड होती तेव्हा, जिल्ह्याच्या मैदानावर त्याच बॉलला मुलींनी असं धुतलं, असं धुतलं, की केतकी परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली ती गाव येईपर्यंत. दृष्ट लागली, असा घरानं निकाल दिला. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या, आणि विषय मिटला.

आता पुन्हा माघ येणार होता. संघात पिचरची एकच जागा रिकामी होती. आणि केतकीचं हे शेवटचं वर्ष; त्यापुढच्या माघात तिचं वय त्या गटातून निघून जाणार होतं. म्हणून ही पहाट, म्हणून हा गारठा, म्हणून हा बॉल. या वेळी हुकलं, तर कायमचं हुकणार होतं.

*

त्याच वर्षी वैशाखात त्या घरात सून आली होती. निशिगंधा. माहेर मलकापूरचं, रंग सावळा, बोलणं मोजकं. नवरा भूषण जळगावला नोकरीला, शनिवारी येणारा, सोमवारी पहाटे जाणारा. बघायच्या कार्यक्रमात स्वयंपाक, शिवणकाम सगळं विचारून झाल्यावर तिच्या वडिलांनी जाता जाता सांगितलं होतं, की पोरगी कॉलेजात थोडंफार खेळायची. थोडंफार म्हणजे विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाची कॅचर. पण त्यावर कुणी पुढं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही, आणि तिचा ग्लोव्ह माहेरच्या माळ्यावर पडून राहिला.

नव्या घरात नवी सून कशी असते? दिसते आणि दिसत नाही. तिच्या बांगड्या ऐकू येतात, मत ऐकू येत नाही. धाकट्या नणंदेलाही ती ताई म्हणते. आणि वारक्यांच्या घरात तर आणखी एक रीत होती: सासरा सुनेशी थेट बोलत नसे. आबा आईला सांगत, "सूनबाईला म्हणावं, चहात साखर कमी." आई जवळ नसली, तर गोठ्यातल्या गाईला सांगत. गाय काही बोलत नसे. पण दुसऱ्या दिवशी चहात साखर कमी असे.

रोज पहाटे निशिगंधा सडा घाली, रांगोळी काढी, मग विहिरीवरची मोटार सुरू करायला जाई. त्यासाठी तिला आबांच्या पाठीमागून जावं लागे. तिथं ती क्षणभर थांबे. स्टार्टरवर हात, आणि डोळे बॉलवर.

तिला जे दिसे ते खळ्यावर दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. पिवळ्या बॉलवर लाल धाग्याची शिवण असते. बॉल हवेत फिरतो, तशी शिवण फिरते. आणि ती कशी फिरते यावरून हातानं बॉलला जाताना काय सांगितलं ते कळतं. केतकीच्या बॉलच्या मध्यावर एक ठिपका निश्चल असे, आणि शिवण त्या ठिपक्याभोवती गरगरत येई, गिरमिट लाकडात शिरतं तशी. असा बॉल वेगवान असतो, देखणा असतो. पण असा बॉल कधीही चढत नाही.

मग तो आबांच्या छातीशी कसा पोहोचत होता? निशिगंधाला तेही दिसलं होतं. पायांनी कळलं होतं, खरं म्हणजे. पाण्यानं भरलेली बादली घेऊन ते खळं चढताना रोज पोटऱ्यांना कळत होतं.

ती गप्प राहिली. मार्गशीर्षातल्या कित्येक पहाटा तिनं गिळल्या. सासऱ्याच्या आनंदात माती कशी कालवायची? आणि न सांगावं, तर ही पोर पुन्हा त्या मैदानावर जाणार, पुन्हा त्याच फटक्यांना सामोरी जाणार. भाकरी थापताना तिचा हात थबकायचा, आणि तव्यावरची भाकरी करपायची. आई म्हणायची, लक्ष कुठं आहे गं तुझं.

*

एके दिवशी केतकीनंच विषय काढला. बॉल हातात खेळवत, घामेजल्या कपाळावरची बट मागं सारत तिनं मोटारीपाशी उभ्या वहिनीला हटकलं. रोज बघता माझा राइज, कधी तरी कसा वाटला ते सांगा की. कौतुक ऐकायची तिला सवय होती. तेवढ्यासाठीच तिनं विचारलं होतं.

निशिगंधानं पदर सावरला. विहिरीच्या कठड्यावर एक चिमणी बसली होती, तिच्याकडं बघत ती म्हणाली,

"बॉल छान आहे, केतकीताई. पण तो चढत नाही."

केतकी आधी हसली, मग लाल झाली. वहिनीला काय कळतं यातलं, असं तिनं तोंडावर म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर ते लख्ख लिहिलं होतं. चढत नाही तर आबांच्या छातीला काय वारा लागतो रोज? विचारा की त्यांना! आबा कॅरेटवरून उठले. त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही. पाहायची रीत नव्हती. ते गाईकडं बघत उभे राहिले.

निशिगंधानं केतकीच्या हातातून बॉल घेतला, पायरीपाशी गेली, खाली वाकली. बॉल जमिनीवर ठेवला. आणि बोट उचललं.

बॉल हलला. कुणी ढकलला नाही, कुणी फुंकर घातली नाही. तो आपसूक निघाला. हलके, मग जरासा भरभर, रांगोळीच्या कडेवरून, दाण्यांच्या फोलपटांवरून, कोवळ्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यावरून तो गडगडत गेला, आणि आबांच्या कॅरेटला टेकून थांबला.

उतार होता. खळ्यालाच उतार होता. अवकाळी पावसात धान्य भिजू नये, पाणी विहिरीकडं वाहून जावं, म्हणून आबांनीच तो काढून घेतला होता. स्वतः उभं राहून, दोरी धरून, गवंड्याशी भांडून. वर्षानुवर्षं त्याच उतारावर राहून तो त्यांना दिसेनासा झाला होता. केतकी उंचावरून टाकत होती, आबा खाली बसून झेलत होते. बॉल जात होता तसाच जात होता. खाली गेली होती ती जमीन. सपाट मैदानावर तोच बॉल बॅटवर आयता, ताटात वाढल्यासारखा, जाऊन पडायचा. मागच्या माघात दृष्टबिष्ट काही लागली नव्हती.

केतकीला हे सगळं एका क्षणात कळलं, आणि कळलं म्हणूनच ती तणतणत घरात गेली. त्या दिवशी भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. तिनं ताटाला हात लावला नाही. उशीत तोंड खुपसून ती रडली. राग वहिनीचा नव्हता, तरी वहिनीवर निघत होता. इतके दिवस सगळ्यांनी केलेलं कौतुक एका बाईनं बोट उचलून जमिनीवर गडगडत नेलं होतं, आणि ते तिला सोसवत नव्हतं.

आबांनी बॉल उचलला, बंडीच्या खिशात घातला, आणि शेतात निघून गेले. दुपार उतरल्यावर परतले. हातपाय धुतले, ओट्यावर टेकले, आणि आईला म्हणाले,

"सूनबाईला म्हणावं, उद्यापासून सपाटीवर जायचं. कॅरेट मी नेतो. ग्लोव्ह तिनं घालावा."

आत भांडी विसळणाऱ्या निशिगंधाचे हात पाण्यातच राहिले. खूप दिवसांनी कुणी तिला काही मागितलं होतं.

*

पाटाच्या पलीकडं माळ होता. सपाट, निर्वृक्ष, दवानं चिंब. पौषातल्या पहाटांनी तिथं तिघांना पाहिलं: वर्तुळाकार हात फिरवणारी एक मुलगी, निऱ्या वर खोचून, पदर कमरेला आवळून उकिडवी बसलेली एक सून, आणि लांब गेलेले बॉल तुरीच्या शेतातून शोधून आणणारा, धोतर दवानं भिजवून घेणारा एक म्हातारा. मलकापूरहून चेहऱ्यावरच्या जाळीच्या मास्कसोबत माळ्यावरचा ग्लोव्ह आला होता. तेल पाजल्यावर तो मऊ झाला, आणि निशिगंधाच्या हातात असा बसला, जणू कधी निघालाच नव्हता.

पहिल्या दिवशी निशिगंधानं लाल नखपॉलिशची बाटली आणली. केतकीला वाटलं, हे काय आता नवीन? वहिनीनं बॉलच्या मध्यावरून, गोल, एक पट्टा ओढला. ओठ दाबून, श्वास रोखून, जशी ती रांगोळीची रेघ ओढायची. पट्टा सुकेपर्यंत तिनं समजावलं.

"बॉल कुठं पोहोचला ते बघूच नका, ताई. पोहोचवणारी जमीन असते, वारा असतो. तो फिरतो कसा ते बघा. फिरवणारा हात तुमचाच असतो."

मग तिनं केतकीला टाकायला नाही, झेलायला बसवलं. ती स्वतः टाके, हळू, अगदी हळू, आणि विचारी, काय दिसलं. केतकीला पहिले कितीतरी दिवस काहीच दिसलं नाही. पिवळं येतंय एवढं दिसे, आणि मग ते नडगीवर आदळे. पुढं लाल धूसर काहीतरी दिसू लागलं. मग एका पहाटे पट्टा तिरका होऊन लडखडताना दिसला. एका पहाटे ठिपक्याभोवती गरगरताना दिसला, आणि तिनं स्वतःचा जुना बॉल ओळखला. हाच तो लबाड. देखणा, वेगवान, गावभर मिरवलेला. तिला त्याची लाज वाटली, आणि मग हसू आलं.

आणि एका पहाटे, कॉलेजभर पिचरांचे बॉल झेलून शिकलेल्या वहिनीनं पहिल्यांदाच जोरानं सोडलेल्या बॉलवर पट्टा सरळ उभा राहिला. लडखडला नाही, गरगरला नाही. स्थिर, तेजस्वी, सिंदूररेखेसारखा तो पट्टा, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी शिवण खालून वर, खालून वर, खालून वर चढत होती. केतकीनं ग्लोव्ह धरला होता तिथं बॉल आलाच नाही. तो तिच्या डोक्यावरून गेला.

"हा," निशिगंधा म्हणाली. "हा खरा."

तेव्हापासून केतकी वेडी झाली म्हणायला हरकत नाही. खालून बोटं घासून न्यायची, तळवा आभाळाकडं उघडायचा, सुपानं पाखडताना मनगट जसं ओढून घेतात तसं ओढून घ्यायचं; हे ती चालताना करी, जेवताना करी, वर्गात बाकाखाली करी. आई म्हणे, पोरीच्या हाताला काय झालंय? निशिगंधा प्रत्येक बॉलला निकाल देई. गिरमिट. तिरका. गिरमिट. अर्धा. पुन्हा गिरमिट. मास्कच्या जाळीआडून तिचा आवाज वेगळाच येई, धारदार, हक्काचा. आणि त्या आवाजातून 'ताई' कधी गळून पडली, 'तुम्ही' कधी 'तू' झालं, ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही. घरी परतल्यावर ती पुन्हा केतकीताई म्हणे. माळावर मात्र दोघी फक्त पिचर आणि कॅचर होत्या.

कौतुक नव्हतं त्या माळावर. आणि नवल असं, की केतकीला त्याची आठवणही येईना. जी खरं सांगते तिच्या तोंडून कधीतरी निघणारा एक हुंकार तिला गावभरच्या वाहवेपेक्षा मोठा वाटू लागला. आपल्यासाठी कुणीतरी इतकं बारीक बघतं आहे, रोज, गारठ्यात, गुडघे मोडून बघतं आहे, ही गोष्ट तिच्या आत हळूहळू ऊब धरत गेली.

संक्रांतीच्या अलीकडं तो बॉल आला. हातातून सुटतानाच बोटांना काहीतरी निराळं जाणवलं. निशिगंधानं ग्लोव्ह उचलला, आणखी उचलला, आणि तरी बॉल त्याच्या वरच्या कडेला चाटून तिच्या खांद्यावर आदळला. ती मागं कलंडली. शेतातून आबा धावत आले. मध्ये आई नव्हती, गाय नव्हती, कुणीच नव्हतं.

"लागलं का, बेटा?" त्यांनी विचारलं. थेट तिलाच.

निशिगंधा जमिनीवर बसून हसत होती. खांदा धरून, मास्क वर सारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. तिनं नुसती मान हलवली, आणि तळहात खालून वर नेऊन दाखवला. आबा समजले. रीत मोडली याची त्यांना नंतर आठवण झाली असेल. तेव्हा ते भिजलेल्या धोतरानिशी तिथंच, सुनेशेजारी, मातीत बसले.

*

माघ आला. जिल्ह्याचं मैदान लाल मातीचं, विस्तीर्ण, पाण्यासारखं सपाट. चुन्याच्या पांढऱ्या रेषा उन्हात चमकत होत्या. गावोगावच्या मुली, त्यांच्या रंगीबेरंगी जर्सी, त्यांचे पालक, त्यांचे डबे. आबा नवी टोपी घालून आले होते. शेजारी निशिगंधा, परीटघडीची साडी, डोक्यावर पदर. प्रेक्षकांतली एक सून, एवढंच.

निवड करणाऱ्या मॅडम करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी केतकीला बोलावलं. झेलायला दुसऱ्या गावची एक कॅचर बसली, बॅट घेऊन एक दणकट मुलगी उभी राहिली. मागच्या माघात हिनंच धुतलं होतं.

केतकीनं श्वास घेतला. हात फिरला, उघडला. बॉल गेला. बॅट त्याच्या खालून सपकन फिरली, आणि बॉल कॅचरच्या ग्लोव्हवरून जाऊन मागच्या जाळीवर आदळला. दुसरा गेला, पुन्हा बॅट खाली, पुन्हा बॉल जाळीत. तिसरा कॅचरच्या बोटांना लागून उडाला, आणि ती पोर हात झटकत उठली. कडेनं कुणीतरी म्हणालं, वेग आहे पण ताबा नाही. बॅटवाली म्हणाली, मीच उगाच वाईट बॉलला बॅट घातली.

मॅडमनी डोळ्यांवर हाताचा आडोसा केला. त्यांना वाटलं तेच त्यांनी सांगितलं: बाळ, आता शेवटचे राहिलेत, सरळ टाक, झेलता येईल असा.

सरळ. तो जुना बॉल केतकीच्या बोटांत अजून होता. मागितला असता तर लगेच आला असता. वेगवान, देखणा, कॅचरच्या ग्लोव्हमध्ये अलगद जाणारा. किंवा बॅटवर. बॉल संपत होते, जागा एकच होती, आणि खरा बॉल टाकूनच ती हरत होती. तिनं कडेला पाहिलं. वहिनी बसल्या जागी पुढं झुकली होती. पण तिथून, तिरकं, तिला शिवण दिसणं शक्य नव्हतं. आज सांगायला कुणी नव्हतं.

पण केतकीला दिसलं होतं. आपल्याच हातून सुटून दूर जाणारा बॉल पाठीमागून कसा दिसतो, हे ती अलीकडं न शिकवता शिकली होती. पकडणारीला जी शिवण चढताना दिसते, तीच फेकणारीला उतरताना दिसते, वरून खाली, आपल्याकडं येणारी. तिन्ही बॉलवर ती तशीच उतरली होती, सरळ, संथ, न लडखडता.

"मॅडम," ती म्हणाली. "बॉल चुकलेले नाहीत. ते चढलेत."

मॅडमनी तिच्याकडं निरखून पाहिलं. कशावरून, असं त्यांनी विचारलं.

"शिवण माझ्याकडं उतरत होती."

ही भाषा त्यांना कळत होती. पण अशी बोलणारी शाळकरी मुलगी त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत होती. त्यांनी कॅचरकडं पाहिलं. ती अजून बोटं चोळत होती. मग त्यांनी विचारलं, की हा बॉल झेलतं कोण तुझा.

केतकीनं उत्तर द्यायच्या आत कडेला आबा उभे राहिले. नवी टोपी त्यांनी नीट केली. चार गावांच्या देखत, ज्या बॉलची त्यांनी आपल्या छातीवरून गावभर बढाई मारली होती त्याच बॉलबद्दल, ते मोठ्यानं म्हणाले,

"आमच्या सुनेले बसू द्या मांगे. तिले समजते तो बॉल. मले कधी समजला नाही."

सगळ्या माना वळल्या. निशिगंधा उठली. पदर डोक्यावरून उतरला, खांद्यावरून फिरला, कमरेला आवळला गेला. चुन्याच्या रेषेपाशी तिनं चपला काढल्या आणि ती अनवाणी चालत आत आली. कॅचर पोरीनं आपलं छातीचं कवच तिला दिलं, पायाचे पॅड दिले, मास्क दिला, ग्लोव्ह दिला. साडीवर कवच चढलं. कुणी हसलं असेल तर ऐकू आलं नाही. तिनं निऱ्या खोचल्या, लाल मातीत टाचा रोवल्या, आणि ती बसली.

"टाक, केतकी."

हात फिरला. आभाळाला स्पर्शून, मांडीला घासून, तळवा उघडत फिरला. बॉल सुटला. केतकीच्या डोळ्यांपुढून शिवण उतरत गेली. निशिगंधाच्या डोळ्यांपुढं शिवण चढत आली. आणि त्या दोन नजरांच्या मधोमध, माघाच्या धवल-शुभ्र उन्हात, तो पिवळा गोल पडायचं विसरून गेला. बॅट खालून फिरली. ग्लोव्ह वर उठला, जिथं उठायला हवा होता तिथंच उठला. ठप्प.

मॅडम जाळीमागं जाऊन वाकून उभ्या राहिल्या. पुन्हा टाक, म्हणाल्या. ठप्प. पुन्हा. ठप्प. मैदान त्या एका आवाजाभोवती गोळा झालं. दणकट मुलीनं शेवटी बॅट खाली टेकवली आणि ती मोकळेपणानं हसली.

"बास," मॅडम म्हणाल्या. "ही मुलगी संघात आली." मग त्या निशिगंधाकडं वळल्या. "आणि तुम्ही कुठं होतात इतके दिवस?"

निशिगंधानं मास्क काढला. कुंकू घामानं ओघळलं होतं.

"घरीच होते," ती म्हणाली.

केतकी धावत आली. तिला खूप काही म्हणायचं होतं. खळ्याबद्दल, माळाबद्दल, गिळलेल्या पहाटांबद्दल, आणि या बाईनं बोट उचललं नसतं तर आपण आयुष्यभर कुठं उभ्या राहिलो असतो त्याबद्दल. तिनं वहिनीला मिठी मारली. मध्ये ते कठीण कवच होतं, त्याच्यावर कपाळ टेकून ती रडली, आणि तिला वाटलं, आपण भाग्यवान आहोत. एवढं साधं, एवढं स्पष्ट वाटलं. निशिगंधाच्या ग्लोव्हमध्ये बॉल तसाच होता. तो न सोडता तिनं दुसऱ्या हातानं नणंदेची पाठ थोपटली.

दुपार चढली होती. लाल माती तापली होती. चुन्याच्या रेषेवरून आबा चालत येत होते, सावकाश, दोन्ही हात पुढं धरून. जवळ आल्यावर दिसलं, त्यांच्या हातांत सुनेच्या चपला होत्या.

नवी टोपी एका हातानं सावरत आबा वाकले; गुडघे कुरकुरले, धोतराचा सोगा मातीला लागला. डावी डावीकडं, उजवी उजवीकडं, टाचा तिच्या बाजूला, अशा त्यांनी त्या चपला तिच्या अनवाणी पावलांपुढं ठेवल्या. आणि वाकलेलेच, क्षणभर, थांबले.